पुरात पहिला पोचतो तो डोंगा, आराखड्यात मात्र तो नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मान्सूनपूर्व आढावा बैठकीची बातमी आपल्या अंकात वाचली. दरवर्षी मे महिन्यात ती येते आणि दरवर्षी मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. रबरी बोटी तपासल्या, लाइफ जॅकेटं मोजली, नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू राहणार, अधिकाऱ्यांनी मुख्यालय सोडू नये. हे सगळं बरोबरच आहे. मी वैनगंगेच्या काठावरच्या, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावचा ढिवर. गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तर माझ्याकडे असतं. त्या बातमीत मी डोंगा, म्हणजे आमची छोटी नाव, शोधतो. तो कधीच नसतो.

पूर आला की आमच्या गावात आधी कोण पोचतं, हे इथल्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा. डोंगेवाला पोचतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दल नागपूरला. तिथून ब्रह्मपुरी शंभर किलोमीटरच्या वर, आणि पुढं गावापर्यंतचा रस्ता वेगळाच. नदीचं पाणी गावात शिरायच्या आधी गावामागचा नाला फुगतो, कारण नदी भरली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं फिरतं. म्हणजे गाव कोरडं असतानाच रस्ता बंद झालेला असतो. तुकडीतली पोरं जीव तोडून काम करतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांच्याबद्दल माझा एक शब्द वावगा नाही. पण ती पोचेपर्यंतचे जे तास असतात, ते सरकारी कागदात कुणाच्याच नावावर नाहीत. आमच्या अनुभवात माणसं वाचतात किंवा जातात ती त्याच तासांत.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर वाचकांना आठवत असेल. गणपती बसलेले, करोनाची टाळेबंदी अर्धीमुर्धी उठलेली. आमच्याकडे पाऊस म्हणावा तसा नव्हताच. पडला तो वर, मध्य प्रदेशात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, वाटेतल्या नद्या त्याला मिळाल्या, भंडारा शहर पाण्यात गेलं आणि ते सगळं वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणावर येऊन आदळलं. धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, चारही जिल्ह्यांतली नदीकाठची गावं बुडाली. आमच्याच तालुक्यातलं लाडज चहूबाजूंनी नदीनं वेढलेलं. तिथल्या लोकांनी काय काढलं असेल ते तेच जाणोत.

आमच्या गावात संध्याकाळी लोक पारावर गप्पा मारत होते. व्हॉट्सॲपवर निरोप फिरत होता की इतके इतके क्युसेक सोडले, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. सतर्क म्हणजे काय करायचं? पाणी माझ्या घरामागच्या सांदवाडीत येणार की घरात, आज रात्री की उद्या सकाळी, हे त्या आकड्यातून कुणालाच काढता आलं नाही. एका निरोपात क्युसेक होतं, दुसऱ्यात क्युमेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर. दोन्हींत ३५ पटींचा फरक, आणि गावातला शिकलेला माणूससुद्धा दोन्ही एकच धरून चालला होता. (वर्तमानपत्रांतही ही गल्लत होते, संपादक महोदय, आपलंही नाव त्यात घेतो, राग नसावा.) मग लोकांनी गेल्या पुराशी तुलना केली. तेव्हा पाणी मारुतीच्या देवळापर्यंत आलं होतं, आताही तिथवरच येणार, असं धरून जेवून झोपले.

जुनी माणसं नदी बघून पूर ओळखत. फेस कसला येतो, पाण्यात काड्या-कचरा किती, रंग तांबडा की काळपट, रात्री आवाज कसा आहे, मासा काठाला का येतो. हे सगळं मलाही थोडंफार येतं, बापानं शिकवलं. पण ती विद्या पावसानं भरणाऱ्या नदीची. दरवाजांनी भरणारी नदी तशी वागत नाही. वर आभाळ निरभ्र, फेस नाही, कचरा नाही आणि पाणी मात्र दगडामागून दगड गिळत येतं. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं. त्यानंतर जन्मलेली पिढी आता घरं चालवते आहे, तिला जुन्या खुणांचं शिक्षणही नाही आणि नव्या आकड्यांचंही. तरी मी धरणाला शिव्या देणाऱ्यांत नाही. एवढं पाणी वरून आलं तर कोणतंही धरण ते पोटात ठेवू शकत नाही. माझं म्हणणं धरणाखालच्या माणसाला काय कळवता, याबद्दल आहे.

आणि हे वाढतच जाणार, असं शास्त्रज्ञ सांगतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या मंडळींनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पावसाळा तेवढाच किंवा कमी, पण पडतो तेव्हा फाटून पडतो. आम्हाला ते वेगळ्या तऱ्हेनं दिसतं: रोवणी (भाताची लावणी) खोळंबते, पऱ्हे (रोपं) वाळतात, मग एका आठवड्यात बांध्या (भातखाचरं) फुटतात. विदर्भाला पुराची किंमत काही नव्यानं कळलेली नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं, २०४ माणसं गेली. त्या गावाचं नाव काढलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून कानाला हात लावतात.

तर त्या रात्रीचं. पाणी देवळाच्या पायऱ्या ओलांडून पुढं गेलं तेव्हा पहाट व्हायची होती. वीज गेलेली. आमच्या संस्थेतले डोंगे खाली घाटावर बांधलेले, ते आधी सोडवून आणावे लागले. डोंगा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो: लाकडी फळ्यांची किंवा पत्र्याची अरुंद नाव, खालून डांबर फासलेली, चार-पाच माणसांच्या वर घेतली तर पाणी काठाला लागतं. तिला इंजिन नाही. बांबू आणि वल्हं. उलट्या धारेत ती चालवणं हे हाताचं काम कमी, डोक्याचं जास्त. धार कुठं कापायची, कुठं सोडून द्यायची, घरांच्या ओळीमागं पाणी कुठं शांत असतं, हे त्या गावाच्या माणसालाच ठाऊक. रबरी बोटीला ते येत नाही, कारण तिला कुठली गल्ली उताराची ते माहीत नसतं.

आम्ही आधी बाळंतीण, मग म्हातारी माणसं, मग लेकरं असं ठरवलं होतं. ठरवलेलं दहा मिनिटं टिकलं. एक आजीबाई शेळ्या सोडून यायला तयार नाही. "माह्या शेळ्या बुडल्या तं म्या जगून काय करू," असं म्हणून ती माच्यावर बसली. तिला हसू नका. तिचं वर्षभराचं मीठमिरचीचं पोट त्या शेळ्यांवर होतं. शेवटी आधी शेळ्या शाळेच्या गच्चीवर चढवल्या, मग आजी आपसूक आल्या. पुरात माणसं घर का सोडत नाहीत याची सरकारी भाषेत बरीच कारणं देतात. आमच्याकडे मुख्य कारण गुरं आहे, दुसरं धानाचं पोतं. गुरांना चढवायला उंच जागा आणि तिथं थोडं तणस साठवलेलं असेल तर निम्मी माणसं सांगितल्याबरोबर निघतील. गायरानावर तशी एक टेकाडी आमच्याकडे आहे, तिच्यावर जायला मुरमाची वाट नाही, एवढंच.

त्या दिवशी आमच्यातला एक डोंगा फुटला, तो दगडावर किंवा झाडावर नाही, तारेच्या कुंपणावर. रानडुकरांपायी आता वावराला वावर कुंपण झालं आहे. पुरात ते पाण्याखाली जातं आणि वरून काही दिसत नाही. डोंग्याचा बूड त्या तारेनं उसवला. आत बसलेल्या बाया छातीभर पाण्यातून चालत काठाला आल्या, दैव म्हणून तिथं पाणी तेवढंच होतं. कुठल्या वावराला कसलं कुंपण आहे, त्यात विजेचा झटका सोडतात की नाही, खांबावरचा प्रवाह बंद झाला की नाही, हे डोंगेवाल्याला सांगणारं त्या वेळी कुणी नव्हतं. गावाच्या आराखड्यात कुंपणाचा नकाशा असावा हे आधी कुणाच्या डोक्यात यायचं कारण नाही. आता यायला हवं.

गावाचा आपत्ती आराखडा ग्रामपंचायतीत आहे. तो मी मागून घेऊन वाचला. नीट टाइप केलेला आहे. संपर्क क्रमांकांत बदली होऊन गेलेले साहेब आहेत, एक दूरध्वनी तर लँडलाइनचा, जो कधीच कापला गेला. पोहणाऱ्यांची यादी आहे, तीत निम्मी पोरं आज नागपूर-हैदराबादला कामाला. डोंगे किती, कुणाचे, कुठं बांधतात, कोण चालवतो, याला त्यात रकानाच नाही. आमच्या संस्थेकडे ९ चालते डोंगे आहेत. पूर्ण भरल्या नदीत ते चालवू शकणारे लोक मात्र पाच, आणि त्यातले चार पन्नाशीच्या पुढचे.

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. केंद्र सरकारची 'आपदा मित्र' योजना चांगली आहे. २०१६ मध्ये थोड्या जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असं तिचं उद्दिष्ट ठरलं. प्रशिक्षण, गणवेश, साहित्याची पिशवी मिळते. पण वयाची अट चाळिशीपर्यंतची. म्हणजे ज्याला डोंगा येतो तो बसत नाही, आणि जो बसतो त्याला डोंगा येत नाही. मला वाटतं, अट काढू नका, पण दोघांना एका डोंग्यात बसवा. पावसाळ्याआधी मोठ्या डोहात आठ दिवस, शिकवणारा आमचा म्हातारा, शिकणारी तरुण पोरं. म्हाताऱ्याला त्या दिवसांची मजुरी द्या. पोरीही घ्या, कारण गावात वर्षभर राहतात त्या बाया, पुरुष बाहेर असतात. आमच्या ढिवर बायांच्या हाताला जाळं नवं नाही, वल्हंही नवं राहणार नाही.

लाइफ जॅकेटचं तर बोलायलाच नको. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला नदीपलीकडे निघाल्या होत्या, डोंगा उलटला आणि त्यातल्या काही परत आल्या नाहीत. पूर नव्हता, हिवाळा होता. नदीकाठच्या गावांत डोंगा हे रोजचं वाहन आहे, एसटीसारखं. तरी डोंग्यात जॅकेट हवं हे अजून कुणाच्या हिशेबात नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के ग्रामपंचायतीला आपल्या गरजेनुसार खर्चता येत होता. जॅकेटं, नायलॉनचा जाड दोर, चार्जिंगच्या बॅटऱ्या, एक हातातला भोंगा, एवढं त्यात सहज बसलं असतं. त्या ऐवजी आमच्याकडे स्वागत कमान झाली. कमान छान आहे. २०२० चं पाणी आलं तर तिच्या अक्षरांपर्यंत येईल.

नुकसानीचंही एक सांगून टाकतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ च्या निकषांत पूर्ण फुटलेल्या डोंग्याला १५ हजार आणि निकामी झालेल्या जाळ्याला ४ हजार अशी तरतूद आहे. बऱ्याच मच्छीमारांना हे ठाऊकच नाही. आमच्याकडे पंचनामा झाला तेव्हा शेती विचारली, घर विचारलं, गुरं विचारली. डोंगा कुणी विचारला नाही, आणि आमच्यातल्या कुणाला तो सांगायचा असतो हे माहीत नव्हतं. ज्याचा डोंगा लोकांना काढताना फुटला त्यानं व्याजानं पैसे काढून नवा केला. पुढच्या पुरात तो डोंगा बाहेर काढेल का? काढेल, हे मला माहीत आहे. पण त्याच्या बायकोनं अडवलं तर मी तिला काही म्हणणार नाही.

आता क्युसेकचा प्रश्न सुटणार कसा. माझं म्हणणं साधं आहे. पवनी आणि आष्टी इथं केंद्रीय जल आयोगाची वैनगंगेवरची मोजणी केंद्रं आहेत. तिथं पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजतात. गावातल्या ठरावीक जागांची उंची त्याच मापात एकदा मोजून घ्यायची: देवळाची पहिली पायरी, शाळेचा ओटा, हातपंपाचा चौथरा, नाल्यावरच्या रपट्याची कड. पंचायत समितीच्या अभियंत्याला लेव्हलचं यंत्र लावून हे एका दिवसाचं काम आहे. मग मागच्या पुरांत मोजणी केंद्रावर इतकं असताना गावात इतकं, असा तक्ता बसवायचा. पहिल्या वर्षी तो चुकेल. दोन-तीन पावसाळ्यांत सुधारेल. त्यानंतर धरणावरून निरोप आला की कोतवालानं दवंडीत क्युसेक न सांगता सांगायचं: "पहाटेपर्यंत पाणी शाळेच्या ओट्याला लागन, खालच्या वस्तीनं गुरं आत्ताच काढा." एवढं वाक्य त्या रात्री मिळालं असतं तर निम्मं गाव चालत बाहेर पडलं असतं, डोंग्याची गरजच नव्हती.

या मापाचा निम्मा भाग आम्ही केलाही होता. २०२० चं पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ होती, ती पुसायच्या आत संस्थेच्या पोरांनी तेलरंगानं लाल रेघा ओढल्या, शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर, पाण्याच्या टाकीच्या पायावर. नंतर शाळा रंगवायला कुणाकडून तरी पैसे आले. आता आमच्या लाल रेघेवर हत्ती आणि ससा आहेत. लेकरांना ते आवडतात, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची तेही कळत नाही. खांबावरच्या रेघा अजून आहेत.

वीज पडण्याच्या इशाऱ्याला दामिनी ॲप आहे, ते आमच्या पोरांनी घेतलं आहे आणि जाळं टाकायला जाताना बघतात, रेंज असली तर. पुराला असं आपल्या गावापुरतं काहीच नाही, म्हणून वरचा खटाटोप सांगितला.

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा गावं उठवून वर न्या. नदीकाठच्या सगळ्या गावांना एकाच मापानं हे लागू करू नये. काही गावांना गेलंच पाहिजे, आणि तिथले लोक स्वतः मागणी करतात. पण ज्याचं पोट नदीवर आहे त्याला चार किलोमीटरवर घर दिलं तर तो दिवसभर नदीवरच असणार, डोंगा तिथंच बांधणार, पूर आला की त्याची बायको तिकडे आणि तो इकडे. पुनर्वसनाच्या चर्चेत शेती किती जाते हे विचारतात. घाट किती लांब पडतो हेही विचारावं.

आमच्या संस्थेनं एक यादी केली आहे. ९ डोंगे, त्यांचे मालक, चालवणारे, प्रत्येकाचा चालू मोबाइल, डोंगा पावसाळ्यात कुठं बांधतात ती जागा, आणि आशाताईंकडून घेतलेली गरोदर बाया व अंथरुणावरच्या माणसांची घरं. शेतकऱ्यांना विचारून कुंपणांचा एक कच्चा नकाशाही काढला आहे, वहीच्या पानावर. रोवणी सुरू झाली की यातलं कुणी सापडणार नाही, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत ही यादी जिल्ह्याच्या आराखड्यात जावी अशी इच्छा आहे. ती तहसीलला द्यायची, पंचायत समितीला की नियंत्रण कक्षाला, याचं उत्तर मला आतापर्यंत तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं मिळालं. आपल्या अंकातून संबंधितांनी एवढं कळवलं तर मी स्वतः नेऊन देईन, पोच घेऊन येईन.

आपला,
मच्छीमार सहकारी संस्थेचा एक सभासद
वैनगंगाकाठ, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

(नाव व पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, कृपया छापू नये.)